मामांना कुठलं अ‍ॅप लावून द्यावं

आमच्या घरातला रेडिओ वारला, आणि कोण वारलं हे सांगायला घरात रेडिओच उरला नाही.

हसू नका. मामांचं जेवणावरचं लक्ष उडालं. म्हणजे जेवायचे, पण फुफूचा, म्हणजे कुटलेल्या कंदाचा, गोळा रश्शात बुडवताना पूर्वी जी तृप्ती तोंडावर दिसायची, ती गेली. रोज सकाळी रेडिओच्या कुमासी केंद्रावर मयताच्या सूचना लागायच्या. अमुक गावचे अमुक गेले, भाचे तमुक, परदेशातले जावई फलाणे, येत्या शनिवारी शाळेच्या मैदानावर क्रियाकर्म, कुणालाही वेगळं बोलावणं नाही, दारात येऊन सांगितलं असंच समजावं. हे शेवटचं वाक्य फार जालीम आहे. एकदा ते हवेत गेलं की 'मला कुणी सांगितलंच नाही' म्हणायची सोय संपते. आमच्या भावकीत माणूस दारू पिऊन गटारात पडला तर त्याला उचलून घरी आणतात. मयताला गेला नाही तर मात्र त्याला आयुष्यभर कुणी उचलत नाही.

आता वेळही कशी बघा. भावकीचे थोरले नुकतेच गेले होते. त्यांच्या मयताची सूचना ही त्या रेडिओची शेवटची मोठी कामगिरी. नवे थोरले कोण हे महिनाअखेरीला ठरायचं होतं, आणि ठरवणार होत्या थोरल्या बाई, ज्यांनी मान हलवल्याशिवाय आमच्यात कोंबडीसुद्धा कापली जात नाही. नावं दोन. एक माझे मामा, ओपान्यिन, म्हणजे वडीलधारे, याव फ्रिंपाँग. दुसरा न्यार्को, सिमेंटचा व्यापारी, पोटानं पुढं आणि मनानं मागं. हा न्यार्को गावभर सांगत सुटला होता, "फ्रिंपाँगला आता ऐकू येत नाही. कोण मेलं ते त्याला कळत नाही. असा माणूस थोरला करायचा?"

थोरल्याचं निम्मं काम मयताचंच. तेव्हा मामांचं एक जरी मयत चुकलं असतं तरी खुर्ची न्यार्कोच्या बुडाखाली गेली असती. मामांना ती खुर्ची हवी होती. तसं ते कुणाला बोलले नव्हते, पण संध्याकाळी अंगणात बसताना ते आधीच जरा रुंद बसायला लागले होते.

रेडिओ दुरुस्त करणारा म्हणाला, "याचा सुटा भाग आता मिळत नाही." मी तिथं गप्प बसायला हवं होतं. मी पाण्याच्या टाक्या विकणाऱ्या दुकानाचा मॅनेजर आहे, टाकीला गळती कुठं आहे ते मला ठोकून कळतं, पण तोंडाची गळती मला आजवर बंद करता आलेली नाही. मी म्हणालो, "मामा, रेडिओ कशाला हवा? आता सगळं फोनवर मिळतं. मी लावून देतो."

"मयतसुद्धा?"

"सगळं, मामा."

बायको, कोनाडू, आतून म्हणाली, "अहो, परवा तुम्हाला फोनवर स्वतःचं वीजबिल सापडत नव्हतं."

"तू थांब गं," मामा म्हणाले. "बायको, माझ्या भाच्यावर विश्वास ठेव." भाच्याच्या बायकोला मामांनी 'बायको' म्हणायचं ही आमच्याकडची रीत आहे. डोळे मोठे करू नका. भावकी आईच्या बाजूनं चालते, मामांचं जे काही आहे ते एक दिवस माझ्याकडं यायचं, आणि त्याची वसुली मामा जिवंतपणीच थट्टेत करून घेतात.

अशा रीतीनं मी अ‍ॅपं पारखायला बसलो. लोकांना वाटतं यात काय, एक उतरवायचं आणि ऐकायचं. असं म्हणणाऱ्यांना माझ्यासमोर उभं करा. गाण्याची अ‍ॅपं वेगळी, गप्पांची वेगळी, गाण्यात गप्पा मिसळलेली वेगळी, आणि प्रत्येक जण छातीवर हात ठेवून सांगतो की जगातलं सगळं काही माझ्याकडं आहे. सगळं काही! त्यांच्या 'सगळ्या'त आमचं मयत बसत नाही, हे त्यांना कुणी सांगायचं? तीन अ‍ॅपं मी निवडली. नावं घेत नाही, रंगांनी सांगतो, नाहीतर उद्या कुणीतरी वकील पाठवायचा.

पहिलं हिरवं. गाण्यांचं. मामांनी त्यावर एक जुनं शोकगीत ऐकलं, जरा बरं वाटलं. अ‍ॅपनं विचार केला, हा माणूस दुःखी आहे. आणि त्यानं आपणहून एका पोराचं रडगाणं लावलं. मामांनी डोळे मिटून ते शेवटपर्यंत ऐकलं.

"या पोराचं कोण गेलं रे?"

"त्याची मैत्रीण गेली, मामा."

"अरेरे. कुठल्या गावची?"

"मेली नाही. त्याला सोडून गेली."

"मग रडतोय कशाला? चार माणसं पाठवून विचारावं, काय चुकलं म्हणून."

पुढं दिवसभर अ‍ॅप तसलीच गाणी देत राहिलं आणि मामा एकेका पोराच्या घरच्यांना नावं ठेवत राहिले, की यांच्यात वडीलधारं कुणी नाही का. खातं माझ्याच नावाचं होतं. दुसऱ्या दिवशी दुकानात गिऱ्हाईक टाकी बघत असताना मी नेहमीची हायलाइफची नाचरी गाणी लावली, तर स्पीकरमधून बायकांचा एकसुरी आक्रोश सुरू झाला. गिऱ्हाइकानं टोपी काढली, माझा हात हातात घेतला, म्हणाला, "हिंमत ठेवा," आणि टाकी न घेताच गेला. अशा वेळी त्याच्या मागं धावून 'माझं कुणी मेलेलं नाही' असं ओरडणं मला माझ्या पदाला शोभणारं वाटलं नाही.

दुसरं नारिंगी. फुकट, पण जाहिरातींसकट. यावर आमच्या रेडिओ केंद्राच्या सूचना होत्या! मी मामांना हाक मारली, कोनाडूला हाक मारली, शेजारच्या, चर्चमधल्या सिस्टर पोमालाही बोलावलं. सगळे जमले. फोन बोलू लागला, "कळवण्यास अत्यंत दुःख होतं की बेकवाईच्या श्रीमती... पाठदुखीनं हैराण आहात? आजच चोळा! तीन रात्रींत गुण!... यांचं निधन झालं आहे."

"काय चोळल्यानं गेली?" मामांनी विचारलं.

सिस्टर पोमा म्हणाली, "मी तेच मलम वापरते!" आणि ती जी घरी गेली ती पाठ धुवायलाच. श्रीमती कोण ते कुणालाच कळलं नाही. मी भाग मागं घेतला, तर त्याच जागी नवी जाहिरात. बेकवाईच्या त्या बाईला जाहिरातवाल्यांनी मेल्यावरही पुढं येऊ दिलं नाही. ही माणसं कबरीवरसुद्धा फलक लावतील, मी सांगतो.

मग डेटाचं प्रकरण निघालं. माझ्याकडं 'संगीत पॅकेज' होतं, ते सूचना ऐकताना चालेना. मी फोन कंपनीला फोन लावला. बराच वेळ तिथं पियानो वाजला, तो मात्र फुकट. मग एक मुलगी आली.

"सर, तुम्ही ऐकताय ते संगीत नाही."

"बाई, आमच्याकडं मयताला बँड असतो, डीजे असतो, लोक नाचतात. संगीताला अजून काय पाहिजे?"

"सूचनेत बँड वाजतो का, सर?"

"सूचनेत नावं वाचतात."

"मग ते बोलणं झालं, सर. बोलण्याचं पॅकेज वेगळं."

"तेच द्या."

"ते तुम्ही बोलायचं असतं. ऐकायचं बोलणं त्यात येत नाही."

मी म्हणालो, "मग मी आत्ता तुमचं जे ऐकतोय ते कशात येतं?" ती म्हणाली, "तक्रारीत," आणि फोन ठेवला. चांगली शिकलेली मुलगी असणार. मी शाळेत फार टिकलो नाही, जे वाचलं ते स्वतःच्या हिकमतीवर वाचलं, आणि अशा वेळी वाटतं की बरंच झालं.

शेजाऱ्यांना बातमी लागली होतीच. सिस्टर पोमा रोज येऊन सांगे की तिच्या पास्टरांची प्रवचनं लावा, म्हणजे मरणाची भीतीच जाईल. मामांना भीती मरणाची नव्हती, मयत चुकण्याची होती, पण हा फरक तिच्या डोक्यात काही शिरेना. निवृत्त मास्तर ट्वेनेबोआ आले ते हात मागं बांधून.

"वेग वाढव. मी सगळं दुप्पट वेगानं ऐकतो. निम्मा वेळ वाचतो."

"त्या वेळात करता काय, मास्तर?"

"अजून ऐकतो."

त्यांनी माझ्या हातून फोन घेतला, काहीतरी दाबलं, आणि निवेदक असा सुटला की मेलेल्यांच्या मागं कुत्रं लागलंय असं वाटावं. मामा म्हणाले, "मास्तर, त्यांना आता कसली घाई आहे?" मास्तर रागावून गेले. वेग पूर्ववत कसा करायचा ते सांगायचं मात्र विसरले.

शेवटी जांभळं. फक्त गप्पांचं, जाहिराती नाहीत. पण त्याला मामांची जन्मतारीख हवी. मामा गुरुवारी जन्मले, म्हणून नाव याव. वार आमच्या नावातच असतो, तारखेला कोण विचारतो? मामा म्हणाले, "टाक, गुरुवार. सरकारी माणसं रोगट कोकोची झाडं तोडायला आली, त्या साली. सकाळी." त्या चौकटीत यातलं काहीही बसेना. झाडं सोडा, वारसुद्धा बसेना. मी वैतागून समोर जे आधीच लिहिलेलं होतं तेच ठेवून पुढं गेलो. ते चालू वर्ष होतं. अ‍ॅपनं मामांना तान्हं बाळ धरलं. प्राण्यांच्या आवाजाची गाणी दिली, आणि मयताच्या सूचना 'आपल्या वयाला योग्य नाहीत' म्हणून कुलूपबंद केल्या.

"काय म्हणतंय?" मामा.

"म्हणतंय, तुम्ही अजून लहान आहात."

"न्यार्कोला दाखव," मामा खूश होऊन म्हणाले.

ते कुलूप उघडायला माझा अख्खा रविवार गेला. पण उघडलं. रेडिओ केंद्राच्या सूचनांचे सगळे भाग तिथं ओळीनं होते. अ‍ॅपनं नम्रपणे विचारलं, कुठून सुरू करू? मी म्हटलं, सुरुवातीपासून. कुठलाही सरळ माणूस असंच म्हणेल. पुस्तक शेवटून कोण वाचतं? दुकानाच्या वायफायवर भाग उतरवले, मामांच्या कानात तार घातली, आणि निकाल जाहीर केला: जांभळं सर्वोत्तम. मास्तर ट्वेनेबोआंना ऐकू जाईल अशा बेतानं.

दोन-तीन दिवस मामा तृप्त होते. मग एका सकाळी त्यांनी मला अंगणाच्या कोपऱ्यात बोलावलं आणि तार माझ्या कानात खुपसली. "...मांपोंगचे क्वाकू दापा... येत्या शनिवारी, राहत्या घरी... दारात येऊन सांगितलं असंच समजावं."

"आपल्यातला दापा," मामा म्हणाले. "माझ्या आईच्या मावशीचा नातू. कुणी बोललं तुला?"

"नाही."

"मलाही नाही. म्हणजे न्यार्कोलाही ठाऊक नाही. त्याला कळलं असतं तर एव्हाना भोंगा लावून सांगितलं असतं." मामांचे डोळे लकाकले. मयताच्या बातमीनं माणसाचे डोळे असे लकाकू नयेत, पण खुर्चीचा प्रश्न होता. "कुणाला बोलू नकोस. आपण सगळ्यांच्या आधी पोचायचं. भावकीकडून पहिली बाटली माझी पाहिजे."

तोंडाला कुलूप घालून आम्ही तयारी केली. शनिवारी मयताची लाल-काळी वस्त्रं नेसलो, अशा वेळी द्यायची श्नॅप्सची, म्हणजे कडक दारूची, बाटली घेतली, आणि सोबत कोनाडू नि सिस्टर पोमा. पोमा भावकीतली नव्हे, पण तिच्यासारखं रडणारं कुमासीत दुसरं नाही. ती रडायला लागली की अनोळखी माणसंसुद्धा खिशात रुमाल शोधतात. मामा म्हणाले, "चौघंच जातोय, तर आवाज तरी चाळीस जणांचा पाहिजे."

मांपोंगला घराबाहेर मांडव होता, प्लास्टिकच्या खुर्च्या होत्या, मोठाले स्पीकर होते. सगळं जिथल्या तिथं. फक्त माणसं पांढऱ्या आणि रंगीत कपड्यांत होती. मी थबकलो. "मामा, लाल-काळं कुणीच नाही."

सिस्टर पोमा म्हणाली, "माणूस फार म्हातारा होऊन गेला असेल. मग पांढरं घालतात."

"दापा माझ्याहून लहान होता," मामा म्हणाले.

"मग पुण्यवान असेल," ती म्हणाली, आणि पुढचं बोलणं नको म्हणून तिनं फाटकातच गळा काढला.

काय गळा! "आऽऽ दापा, आम्हाला टाकून कुठं गेलास!" कोनाडूनं डोक्याला हात लावले, मी मान खाली घातली, आणि आम्ही मांडवातून अशा थाटात आत शिरलो की लोक उठून वाट देऊ लागले. स्पीकर बंद झाला. समोर दोन ओळींत माणसं समोरासमोर बसलेली, मधे टेबल, टेबलावर रिबीन बांधलेल्या बाटल्या. मला त्या रिबिनीपाशी काहीतरी खटकलं. मामांना नाही. त्यांनी आमची बाटली त्या बाटल्यांशेजारी ठेवली, वस्त्र खांद्यावरून उतरवलं आणि म्हणाले, "दुःखात सामील व्हायला आलो."

मग समोरच्या ओळीतल्या एका दाढीवाल्यानं अगदी आदरानं विचारलं, "कोण मेलं?"

"क्वाकू दापा," मामा म्हणाले.

"परत?"

सिस्टर पोमाचा गळा अर्ध्यात थांबला. आयुष्यात पहिल्यांदाच, असं ती नंतर म्हणाली. एका बाजूला खुर्चीत एक बाई बसली होती, गुलाबी पोशाख, कानात सोनं, आणि ती आमच्याकडं असं बघत होती की जमीन फाटावी आणि तिला नव्हे, आम्हाला पोटात घ्यावं. ती सेरवा. दापाची विधवा. आणि दाढीवाल्याच्या ओळीतले पाहुणे तिला मागणी घालायला आले होते.

मी फोन काढला. त्या भागाच्या नावाखाली, मुंगीएवढ्या अक्षरांत, तारीख होती. मागच्या वर्षीची. मामा तेव्हा डोळ्याच्या ऑपरेशनसाठी अक्राला लेकीकडं होते. तिथं आमचं केंद्र लागत नाही, म्हणून त्यांना एकही नाव जुनं वाटलं नव्हतं. आणि मामा घरात नसले की आमच्याकडं सूचना लावतंच कोण? मी सुरुवातीपासून म्हणालो होतो आणि त्या गाढवानं सुरुवातीपासूनच लावलं होतं. 'येता शनिवार' येऊन, बसून, जेवून, वर्षापूर्वी निघून गेला होता.

मी मामांच्या कानात सगळं सांगितलं. एवढ्या शांततेत कानात सांगितलेलं मांडवाबाहेरच्या भजीवालीलाही ऐकू गेलं. कुणीतरी खुसखुसलं. मला न्यार्को दिसू लागला, गावोगाव हे सांगत फिरणारा, पोट हलवत. संपलं, मी मनात म्हटलं. खुर्ची गेली. आणि ती घालवली कुणी? टाक्यांच्या मॅनेजरनं.

तेवढ्यात सेरवाच्या बाजूचे एक म्हातारे काठी टेकत उठले. तिचे मामा. "तुम्ही दापाच्या भावकीतले?"

"हो," मामा म्हणाले.

"थोरले?"

"न्यार्कोहून वयानं थोरला. पुढचं अजून ठरायचंय."

म्हातारे पाहुण्यांकडं वळले. "बघा. मी काय म्हणत होतो सकाळपासून? पहिल्या घरानं मोकळं केल्याशिवाय मी दुसऱ्या घरची बाटली घेणार नाही. वर्ष झालं. न्यार्कोला निरोपावर निरोप पाठवले की ये आणि पोरीचं वैधव्य उतरव. तो येतो म्हणतो आणि येत नाही." मग आमच्या बाटलीकडं बोट दाखवून म्हणाले, "आली शेवटी."

आता मला सांगा, अशा वेळी माणसानं काय करावं? मी असतो तर 'चुकून आलो' म्हणून पळालो असतो. मी तर एक पाय मागं टाकलाही होता. मामा मात्र सावकाश जाऊन सेरवासमोर खुर्ची ओढून बसले.

"बाई, तो गेल्यावर आमच्याकडचं कोण आलं होतं?"

"न्यार्को."

"काय म्हणाला?"

"घराच्या चाव्या दे म्हणाला. माझेही पैसे आहेत या घरात. विटा मी डोक्यावरून वाहिल्यात. म्हणाला, चाव्या दिल्याशिवाय मोकळं करणार नाही, बस तशीच."

"मला गुरुवारी कळलं," मामा म्हणाले. "खोटं बोलत नाही. भाच्याच्या यंत्रानं उशिरा सांगितलं. पण कळल्यावर मी पहिल्या शनिवारी आलो." मग त्यांनी बाटली उघडली, जमिनीवर धार सोडली, दापाला नावानं हाक मारून सांगितलं की तुझ्या बायकोनं तुझं सगळं केलं, आता तिच्या वाटेत येऊ नकोस, आणि न्यार्को आला तर त्याच्या वाटेत जरूर ये. लोक हसले. सेरवा हसली नाही. ती त्या गुलाबी पोशाखात जी रडायला लागली, ते पाहून सिस्टर पोमानं रुमाल काढला, स्वतःसाठी. म्हणाली, "हे खरं आहे, यात मला बोलता येत नाही."

मग गाणी लागली. लाल-काळ्या वस्त्रांत आम्ही साखरपुड्याचा भात खाल्ला. दाढीवाला माझ्याजवळ येऊन विचारत होता, ते अ‍ॅप कुठलं. मी सांगितलं नाही. मला ते स्वतःलाच कळत नव्हतं.

न्यार्को गप्प बसणाऱ्यातला नव्हे. पुढच्या आठवड्यात भावकी थोरल्या बाईंच्या अंगणात जमली, तेव्हा तो उभा राहून म्हणाला, "हा माणूस वर्षभर उशिरा मयताला गेला! सगळा मांपोंग हसतोय!" आणि लोक हसलेच. मीही हसलो असतो, पण मामा माझ्याकडं बघत होते. थोरल्या बाई हसून झाल्यावर म्हणाल्या, "आणि तू वेळेवर गेला होतास?"

"पहिला! सगळ्यांच्या आधी!"

"काय आणलंस तिथून?"

न्यार्को खाली बसला. बाईंनी मामांकडं बोट केलं. एवढंच. आमच्याकडं फार भाषणं होत नाहीत. मामा त्या खुर्चीत बसले आणि आधीपासूनच रुंद बसायची सवय असल्यानं त्यांना काही अडचण आली नाही.

घरी आल्यावर मी पहिलं काम हाती घेतलं. "मामा, द्या फोन. नवे भाग आधी लागतील असं करतो. नाहीतर पुढच्या वेळी माणूस मरून त्याच्या नातवाचं लग्न असायचं."

"हात लावू नकोस."

"मामा, हे सगळे मेलेले मागच्या वर्षीचे आहेत!"

"नव्यांसाठी मी कोनाडूकडून छोटा रेडिओ मागवलाय. तो भावकी ऐकेल, भावकी जाईल. मांडव असतो, डीजे असतो, जायला कुणाला सांगावं लागत नाही." त्यांनी तार कानात नीट बसवली. "हे माझं आहे."

तेव्हापासून लोक मला विचारतात, तू एवढी अ‍ॅपं पारखलीस, चांगलं कुठलं? मास्तर ट्वेनेबोआ तर मुद्दाम, चारचौघांत विचारतात. मी काय सांगू? जे नीट चाललं त्यानं काही झालं नाही, आणि जे चुकलं त्यानं मामांना खुर्ची मिळाली. याला गुण कसे द्यायचे? अ‍ॅपवाले मला रोज निरोप पाठवतात, 'आमच्याविषयी आपलं मत कळवा.' माझं मत छापण्यासारखं नाही, आणि ते नक्की काय आहे तेही मला माहीत नाही.

परवाच्या शनिवारी मामा म्हणाले, "लाल-काळं काढ." मी काढलं. एजुराजवळच्या एका खेड्यात गेलो. ना मांडव, ना स्पीकर. दारात एक म्हातारा मक्याची कणसं सोलत बसला होता. आमचे कपडे बघून त्याच्या हातातलं कणीस खाली पडलं.

"गावात कोण गेलं?" त्यानं विचारलं.

"तुमची बायको," मामा म्हणाले.

"ती तर मागच्या वर्षी गेली."

"हो. मला आत्ता कळलं. कसं चाललंय तुमचं?"

म्हातारा उठला, घरात गेला, एकुलतं स्टूल घेऊन बाहेर आला. ते मामांना दिलं, माझ्याकडं बघितलं, कुंपणापाशी गेला, आणि शेजाऱ्याला मोठ्यानं हाक मारली, "ए, दोन खुर्च्या दे! माझ्याकडं माणसं आलीत!"